दिव्यांगत्व ३५ टक्के, मग लेखनिक मिळणार नाही का?

प्रश्न: मी पारोळा तालुक्यातली. अनुदानित कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी कडबाकुट्टीत उजव्या हाताची बोटं गेली. प्रमाणपत्रावर ३५ टक्के कायमचं दिव्यांगत्व लिहिलंय. अर्धा तास लिहिलं की हात आखडतो, येत असलेली उत्तरंही राहून जातात. लेखनिक मागितला तर ‘४० टक्के नाही, मग नियमात बसत नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवलं. परीक्षा दीड महिन्यावर आली आहे. काय करू?

उत्तर: ताई, कॉलेजनं दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत. ४० टक्क्यांची अट खरी, पण ती उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा, वयाची सवलत अशा लाभांसाठी. ते लाभ तुम्हाला मिळणार नाहीत, हे स्पष्टच सांगतो. लेखनिकाचं तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांचा थेट उल्लेख आहे, आणि तो ‘दिव्यांग विद्यार्थ्यां’साठी आहे. तिथे टक्केवारी घातलेली नाही. शिवाय गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच, असं याच कायद्याची व्याख्या सांगते.

तुमच्यासारखंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं: विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार. टक्केवारीत बसत नाही म्हणून आयोगानं लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांवरच्यांपुरती अडवून ठेवता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला होता. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. निकाल आणि सध्या लागू असलेल्या सूचना, दोन्हींच्या प्रती काढून ठेवा.

आता पुन्हा तोंडी विचारायला जाऊ नका. तोंडी नकाराचा कागद होत नाही, आणि कागदाशिवाय पुढे कुणीच काही करू शकत नाही. आधी जळगावच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातून ‘लिहिण्यास शारीरिक मर्यादा आहे, लेखनिक आवश्यक’ असं स्वतंत्र प्रमाणपत्र घ्या. दिव्यांगत्वाचं जुनं प्रमाणपत्र एवढ्यापुरतं पुरत नाही. टक्केवारी वाढवून आणा असं कुणी सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका. खोटेपणानं लाभ घेतल्यास २०१६ च्या याच दिव्यांग कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

मग प्राचार्यांच्या नावे अर्ज. ‘सहकार्य करावे ही विनंती’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: ‘माझ्या उजव्या हाताची बोटे नसल्याने मला सलग लिहिता येत नाही. मला सर्व लेखी पेपरांना लेखनिक व दर तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळावा. नकार असल्यास कारणासह लेखी कळवावे.’ आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तीच प्रत त्याच दिवशी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पाठवा. हे लवकर करणं तुमची जबाबदारी आहे. आदल्या दिवशी आलेल्या अर्जावर केंद्रप्रमुखही हतबल असतो.

लेखनिक मिळाला की त्याच्यासोबत घरी दोन-तीन जुने पेपर सोडवून बघा. सांगून लिहून घेणं हे वेगळं कसब आहे: कुठे नवा परिच्छेद, कुठे अधोरेखन, नावाचं स्पेलिंग, सगळं तुम्हीच सांगायचं. उत्तर तुमचं, त्याचा फक्त हात.

आठवडाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे टपालानं तक्रार करा. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. परीक्षा अगदीच तोंडावर आली, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तातडीची याचिका करता येते. वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्री म्हणूनही आणि दिव्यांग म्हणूनही तुम्हाला मोफत विधी सेवेचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे शिक्क्याची प्रत आणि दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन जा.