हेब्रॉनच्या मधोमध मूठभर ज्यू का राहतात? त्यांच्यापायी पॅलेस्टिनींना रस्ते बंद का?

२०१८ साली मी वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या हेब्रॉन शहरात एक दिवस काढलाय. तेवढ्या ओळखीवर आणि त्यानंतर जे वाचलं त्यावर लिहितोय.

सगळं तिथल्या एका गुहेपाशी सुरू होतं. ज्यू आणि मुसलमान दोघेही ज्याला पूर्वज मानतात त्या अब्राहामाने पत्नी सारेच्या दफनासाठी ४०० शेकेल चांदी मोजून ती विकत घेतली, असं बायबल सांगतं. मुसलमानांची तीच इब्राहिमी मशीद. गावात ज्यू पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९२९ च्या दंगलीत त्यांच्यातले ६७ जण मारले गेले. कित्येकांना अरब शेजाऱ्यांनीच घरात लपवून वाचवलं, हेही तितकंच खरं.

१९६७ च्या युद्धात वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात आली. पुढच्याच वर्षी वल्हांडण या ज्यू सणासाठी रब्बी मोशे लेव्हिंगर साथीदारांसह तिथल्या एका हॉटेलात उतरले आणि परत जायला नकार देऊन बसले. त्यातून शहराला लागून किर्यात अर्बा ही ज्यू वसाहत वसली. १९७९ मध्ये तिथल्या बायका मुलाबाळांना घेऊन रात्री बेत हदासा या जुन्या इमारतीत शिरल्या. आज शहरात काही शे ज्यू राहतात, त्याची सुरुवात ही. सुरक्षा परिषदेने २०१६ च्या ठरावात अशा वसाहती बेकायदा ठरवल्या. इस्रायलला ते मान्य नाही.

१९९४ मध्ये किर्यात अर्बाच्या बारूख गोल्डस्टाइनने मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून ठार केलं. गुन्हा त्याचा, पण दुकानं बंद झाली पॅलेस्टिनींची. शुहादा रस्ता, म्हणजे शहरातला मुख्य बाजाररस्ता, पॅलेस्टिनींसाठी तेव्हापासून आवळत गेला. मला यातलं हेच सर्वात जास्त खुपतं. ज्यूंचं त्या गावाशी नातं खरं आहे, त्यात मला शंका नाही. पण म्हणून दुसऱ्याच्या दाराला वेल्डिंग मारायचं?

जुन्या बाजारात गल्लीवर तारेची जाळी ताणलेली आहे. वर वसाहतीच्या खिडक्या. जाळीत बाटल्या, विटांचे तुकडे, कचरा अडकलेला. घाण पाणी मात्र जाळीतून गळतंच, म्हणून खालच्या कापडवाल्याने मालावर प्लास्टिक पांघरलं होतं. त्याने चहा पाजला. शुहादा रस्त्यावर वडिलांचं दुकान कुठे होतं, ते इस्रायली सैन्याच्या तपासणी नाक्यापर्यंत येऊन बोटाने दाखवलं.

नाक्यावर सैनिकाने धर्म विचारला. हिंदू म्हटल्यावर मला सोडलं. दुकानदार तिथेच थांबला. त्या रस्त्यावर पाऊल टाकायची त्याला परवानगी नव्हती. त्याने सांगितलेलं ते हिरवं दार मी एकट्यानेच जाऊन पाहिलं.