टाळेबंदी आणि हवामान : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत, सगळी नाशिक शहर आणि जिल्ह्यातली. उत्तरं जून २०२० च्या मध्यापर्यंतची परिस्थिती धरून दिली आहेत.

प्रश्न : टाळेबंदीत गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर अगदी लख्ख दिसायचा. गोदावरीचं पाणीही बरं वाटलं. इतकी वर्षं ज्यासाठी ओरडत होतो ते कोरोनानं दोन महिन्यांत करून दाखवलं. मग आता वेगळं काय करायचं राहिलं? (गंगापूर रोड)

डोंगर दिसला तो धूळ आणि धूर कमी झाल्यामुळे. हे कण हवेत काही दिवस, फार तर आठवडाभर राहतात. गाड्या आणि भट्ट्या थांबल्या की ते खाली बसतात, उरलेले पाऊस धुऊन नेतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो दिसत नाही आणि त्याचा मोठा हिस्सा शेकडो वर्षं हवेत टिकतो.

हवा म्हणजे गच्चीवरची टाकी असं डोळ्यांपुढे आणा. वर येणाऱ्या पाण्याचा कॉक थोडा आवळला, तर टाकी भरायची थांबत नाही, जरा उशिरा भरते इतकंच. एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे जवळपास सगळं जग घरात असताना, कार्बन डायऑक्साइडचं रोजचं जागतिक उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी उतरल्याचा अंदाज आहे. भारतात ही घट सर्वाधिक असताना २६ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे रस्ते ओस, विमानं जमिनीवर, तरी जगाचा कॉक ८३ टक्के उघडाच. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मे महिन्याची सरासरी दर दहा लाखांत ४१७ भाग निघाली, गेल्या मेपेक्षा जवळपास अडीच भाग जास्त.

शिवाय ही घट लोकांचे रोजगार बुडून आलेली आहे. तिला हवामानासाठी केलेलं काम म्हणणं चूक आहे, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधून पायी गावी गेलेल्या कामगारापुढे तर तो शब्द काढूच नये.

नदीचं म्हणाल तर कारखान्यांचं पाणी थांबलं असेल, घरांचं सांडपाणी एक दिवसही थांबलेलं नाही. नासर्डी आणि वाघाडी जिथे गोदावरीला मिळतात तिथे जाऊन पाहा. पाणवेली सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसतात. त्या परत फोफावल्या की काय ते समजा.

प्रश्न : आमचा तीसेक कॉलेजवाल्यांचा गट आहे. मार्चमध्ये सायकल फेरी आणि शाळांमधले कार्यक्रम ठरले होते, सगळं रद्द झालं. ऑनलाइन मीटिंगला पाच जण येतात. ग्लासगोची जागतिक हवामान परिषदही पुढे गेली. उत्साह टिकवायचा कसा? (सिडको)

उत्साह राहू द्या बाजूला, तारीख धरा. पाच जण पुरेसे आहेत, आणि तुमच्यासमोर एक तारीख उभी आहे : ३० जून. पर्यावरण मंत्रालयाचा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा (प्रकल्पाला परवानगी देण्याआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या नियमांचा) नवा मसुदा, म्हणजे ‘ईआयए २०२०’, मार्चमध्ये आला आणि त्यावर सूचना-हरकती पाठवायची मुदत त्या दिवशी संपते. यासाठी रस्त्यावर उतरावं लागत नाही, ईमेल चालतो.

मसुदा इंग्रजी-हिंदीत आहे आणि लांबलचक आहे. एकट्यानं पहिल्या पानापासून वाचायला घेतला की तिसऱ्या पानावर झोप येते. म्हणून वाटून घ्या. एकानं कलम १४ घ्यावं. जनसुनावणी कोणाला लागू आणि कोणाला माफ, हे तिथे आहे. सुनावणीच्या सूचनेचा काळ ३० दिवसांवरून २० वर आणलाय, तो मुद्दाही त्याच्याकडेच. दुसऱ्यानं कलम २२ : परवानगी न घेता काम सुरू केलं आणि नंतर दंड भरून ते नियमित करून घेतलं, याची वाट तिथे आहे. तिसऱ्यानं प्रकल्पांच्या वर्गवारीचं परिशिष्ट पाहावं. उरलेल्या दोघांनी आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं जमवावीत : डोंगर फोडणं, खाणी, रस्ता रुंदीकरणात जाणारी झाडं.

पत्र दीड पानांच्या वर नको. प्रत्येक मुद्दा चार वाक्यांत बसतो : कलमाचा क्रमांक, त्यात काय म्हटलंय, त्यानं इथे काय बिघडेल, त्याऐवजी काय शब्द हवेत. हे शेवटचं वाक्य बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि तिथेच हरकत लंगडी पडते. ‘मसुदा मागे घ्या’ एवढंच लिहिलं, तर ते नुसतं मत ठरतं, हरकत नाही. दुसरी चूक म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला तयार मजकूर जसाच्या तसा पाठवणं. एकाच मजकुराच्या हजार प्रती म्हणजे मुद्दा एकच. पत्र पीडीएफ करून जोडा, पण मुद्दे ईमेलच्या अंगातही चिकटवा. खासदारांना प्रत द्या. पाठवलेल्या मेलचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

हे झालं की त्याच मुद्द्यांचं एक पानी मराठी टिपण करा आणि ओळखीच्या ग्रामसेवकांना, सरपंचांना पाठवा. जनसुनावणी ज्यांच्या गावात होते त्यांना हा मसुदा त्यांच्या भाषेत कुणी दिलेला नाही.

मीटिंग चाळीस मिनिटांचीच ठेवा, आठवड्यातून एकदा, कॅमेरा बंद. निम्म्यांचं डेटा पॅक संध्याकाळपर्यंत संपलेलं असतं, हे गळतीचं खरं कारण असू शकतं. एकानं लिहून घ्यायचं आणि शेवटी नावापुढे काम व वार टाकून ते गटावर पाठवायचं.

ग्लासगोची परिषद नोव्हेंबर २०२१ वर गेली हे खरं. पण देशांनी उत्सर्जन कमी करायची सुधारित उद्दिष्टं द्यायचं वर्ष २०२० च आहे, ते हललेलं नाही.

प्रश्न : सगळे दिवसभर घरात. वीज किती जाते कळत नाही, कारण रीडिंग घ्यायला कुणी आलंच नाही, सरासरी बिलं आली. एसी नाही. वाचवायचं म्हटलं तर कुठे? (इंदिरानगर)

२३ मार्चपासून रीडिंग बंद होतं, त्यामुळे बिलावरचा आकडा पाहून काही ठरवू नका. मीटर मात्र मोजतोच आहे. रोज एकाच वेळी आकडा कॅलेंडरवर लिहा. शेजारी नवा सिलिंडर लावल्याची तारीखही टाका. विजेचं एक युनिट म्हणजे देशाच्या सरासरीनं सुमारे ०.८२ किलो कार्बन डायऑक्साइड. १४.२ किलोचा सिलिंडर संपला की अंदाजे ४२ किलो. (एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी दिसते म्हणून आपली वीज तिथूनच येते असं नाही, जाळं देशभराचं एकच आहे.)

आता मीटरजवळ जा. लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि जवळच छापलेलं असतं, एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार. बऱ्याच मीटरांवर ३२०० असतं. एका मिनिटात किती लुकलुकी होतात ते मोजा आणि १८.७५ नं गुणा. तेवढे वॅट त्या क्षणी घरात चालू आहेत. मीटरवर १६०० असेल तर ३७.५ नं गुणा.

आधी रोजच्या सवयीनं सगळं बंद करा, फ्रिजही. तरी मिनिटाला एक लुकलुक दिसली, तर सुमारे १९ वॅट कुठेतरी गळताहेत. हे बहुधा रिमोटनं ‘बंद’ केलेल्या टीव्हीचं, सेट-टॉप बॉक्सचं आणि राउटरचं काम. १९ वॅट रात्रंदिवस म्हणजे महिन्याला साडेतेरा युनिट. भार इतका कमी असताना एक मिनिट पुरत नाही. पाच मिनिटं मोजा आणि पाचनं भागा. मग एकेक वस्तू लावत जा. गीझरला दिवा मिनिटाला शंभरावर लुकलुकतो, डोळ्यानं मोजता येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन सावकाश चालवून पाहा.

इथे दोन गोष्टी फसवतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनच सुरू होतो, म्हणून बाकीचं मोजताना त्याचा प्लग काढा. आणि नुकतीच वीज जाऊन आली असेल तर इन्व्हर्टर बॅटरी भरत असतो. त्या दिवशी मोजूच नका.

तुमच्याकडे एसी नाही म्हणजे मोठा खर्च फ्रिज आणि पंख्यांचाच. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा तीसच्या आसपास. सोळा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला २१-२२ युनिट वाचतात. म्हणून फक्त सर्वांत जास्त चालणारा बदला. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून पैसे फिटत नाहीत. रेग्युलेटर जुन्या मोठ्या डब्याचा असेल तर पंखा हळू केला तरी उरलेली वीज त्या डब्यात तापून जाते. त्याजागी इलेक्ट्रॉनिक बसवा. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा. सहज सुटला तर दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, गेलंय.

प्रश्न : ऑक्टोबरच्या अवकाळीनं द्राक्षबाग झोडपली, उरलेला माल टाळेबंदीत अडकला. आता ‘निसर्ग’ वादळाचा पाऊस. अशात हवामान बदलाचं काय घेऊन बसता? (निफाड तालुका)

तुम्ही सांगताय तेच तर ते आहे. एका वादळाचं खापर थेट तापमानवाढीवर फोडता येत नाही, पण हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. पडतो तेव्हा मग तो झोडपूनच पडतो.

तुम्हाला लगेच उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट सांगतो : स्वतःच्या बागेतला पाऊस मोजा. फळपीक विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. तिथला पाऊस आणि तुमच्या शिवारातला पाऊस यांत किती अंतर पडतं हे चार वर्षांच्या वहीशिवाय मांडता येणार नाही. तुमची वही विमा कंपनीवर बंधनकारक नाही, पण तक्रार करताना हातात आकडा असतो. शिवाय फवारलेलं स्पर्शजन्य बुरशीनाशक धुऊन गेलं का, तेही ठरवता येतं.

दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या, खांद्याखाली कापा. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बुडाला खळगे असतात, म्हणून थोडी खडी टाकून ती बुडेपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. तिथून वर पट्टी चिकटवा. जितके मिलिमीटर पाणी चढेल तितका पाऊस. खांबाला जमिनीपासून फूटभर वर बांधा, नाहीतर उडालेला चिखल आणि पाणी आत जातं. मांडवापासून, घरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा. सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याची वेळ तीच आहे. वाचलं की पाणी पुन्हा शून्यावर आणा. १० मिलिमीटर म्हणजे एकरात ४० हजार लिटर पाणी. तेवढं पडलं त्या दिवशी ठिबक सुरू करायचं कारण नाही.

आणि एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या बांधावर पडून असतील तर पेटवू नका. दोन-तीन इंचाचे तुकडे करून बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर, पसरा. करपा, भुरी हे बुरशीचे रोग लागलेल्या काड्या मात्र बागेत नकोत, त्या वेगळ्या खड्ड्यात मातीआड कुजवा.