पॅचवर्कच्या ब्लॉकसाठी दुरंगी त्रिकोणी चौकोन झटपट कसे शिवावेत?

दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून हा चौकोन होतो. सुटे त्रिकोण कापून एकेक जोडू नका, एका खेपेत आठ काढा. शिवून झाल्यावर 2 इंचाचा चौकोन हवा असेल तर दोन रंगांचे 6 इंचांचे एकेक चौकोन घ्या. नेमकं माप 5¾ इंच बसतं (2 मध्ये ⅞ मिळवून दुप्पट), पण छाटायला थोडं कापड हाताशी असलेलं बरं.

सुलट बाजू आतल्या बाजूला ठेवून दोन्ही एकमेकांवर ठेवा, वरच्या कापडावर दोन्ही कर्ण आखा. प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर टीप मारा, म्हणजे एकूण चार टिपा. कर्णावर टीप नको, तिथे कापायचं आहे. आता कापड जराही न हलवता मधोमध उभं आणि आडवं कापा, मग कर्णांवर. आठ तुकडे सुटतात, प्रत्येक उघडला की दुरंगी चौकोन.

गडबड बहुतेक इस्त्रीत होते. शिवण उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरकी) असते, त्यामुळे इस्त्री घासत नेली की कापड ताणतं आणि चौकोनाचा पतंग होतो. इस्त्री वरून दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. शिवणीतलं कापड गडद रंगाकडे वळवा. शेवटी पट्टीची 45 अंशांची रेघ शिवणीवर धरून 2½ इंचांना छाटा; ब्लॉक जोडताना प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत जाऊन 2 इंच उरतात. हे छाटणं टाळलंत तर ब्लॉक जोडताना टोकं जुळत नाहीत.

आठही तुकडे एकाच रंगजोडीचे निघतात. प्रत्येक तुकडा वेगळा हवा असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही.