सकाळची लोकल आणि टाळलेलं पाणी

प्रश्न : मी विरारला राहते, ऑफिस चर्चगेटजवळ. गाडीत लघवी लागली तर पंचाईत, म्हणून सकाळी चहाशिवाय काही पीत नाही. ऑफिसातही बेताचंच पाणी. सासूबाई म्हणतात, ‘लघवी दाबून किडन्या घालवशील.’ वर्षातून एकदोनदा उन्हाळे लागतात. शिवाय पाणी प्यायलं की लगेच लघवी लागते. ते थेट खाली उतरतं का?
– एक वाचक, विरार

उत्तर : ताई, शंका आधी घेते. पोटातून मूत्राशयात जाणारी नळी नसते. पाणी आतड्यातून रक्तात शिरतं, रक्त किडनीत गाळलं जातं आणि मग लघवी होते. त्याला निदान अर्धा-पाऊण तास लागतो. तुम्हाला लगेच लागते ती आधीची साठलेली.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा या मुठीएवढ्या दोन किडन्यांकडे जातो. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या. दिवसभरात १८० लीटर द्रव गाळला जातो, म्हणजे आपल्याकडे पाणी भरून ठेवायचं मोठं निळं पिंप असतं ना, जवळपास तेवढा. लघवी होते दीड-दोन लीटर. परळच्या ओपीडीत हे सांगितलं की पेशंट हमखास विचारायचे, ‘बाई, परतच घ्यायचं तर गाळायचं कशाला?’ प्रश्न अगदी रास्त आहे. किडनी घाण शोधून ती तेवढी बाहेर टाकत बसत नाही. रक्तपेशी आणि प्रथिनं सोडून जवळपास सगळंच ती आधी बाहेर काढते आणि मग साखर, मीठ, पाणी असं कामाचं तेवढं परत उचलते. उरतं ते क्रिएटिनिन, बराचसा युरिया असा शरीरात तयार झालेला कचरा आणि जास्तीचे क्षार. त्यामुळे एखादा नवाच नको असलेला पदार्थ शरीरात आला, तरी परत उचलला नाही की तो आपोआप बाहेर!

आता तुमची सकाळ. पाणी कमी पडलं की रक्त किंचित दाट होतं, मेंदूला ते कळतं आणि त्याच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एक हार्मोन सुटतं. किडनी मग आणखी पाणी परत खेचते आणि लघवी गडद पिवळी होते. पण कचरा वाहून न्यायला दिवसाला अर्धा लीटर तरी लघवी लागतेच. म्हणजे पाणी तोडून लघवी थांबत नाही, फक्त दाट होते. दाट लघवीत क्षारांचे खडे धरतात. त्यात ऑक्टोबरचा घाम, म्हणजे बघायलाच नको.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. दाबून धरण्याचा भार किडनीवर नाही, मूत्राशयावर येतो. त्यात ४००-५०० मिली मावतं, पहिली जाणीव १५०-२०० मिलीलाच होते. लघवी उलटी वर चढू नये अशी सोयही तिथे असते. निरोगी माणसाने कधी तासभर धरली म्हणून किडनी जात नाही. पण बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. जंतू सहज वर चढतात, आणि लघवी साठून राहिली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. तुमचे उन्हाळे बहुधा तिथलेच.

उठल्याउठल्या दोन भांडी पाणी प्या. घरातून निघेपर्यंत त्याचा बराचसा निचरा होईल. निघताना एकदा जाऊन या. ऑफिसात मात्र हात आखडू नका. स्वच्छतागृह घाण म्हणून तहान मारणाऱ्या बायका मी नोकरीभर पाहिल्या. दोष त्यांचा नव्हता. एचआरकडे तक्रार करायला लाजू नका. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय असं समजा. (बी-कॉम्प्लेक्स घेत असाल तर रंगावर जाऊ नका.)

पुन्हा उन्हाळे लागले तर केमिस्टकडून जुनीच गोळी आणू नका. आधी लघवीची रूटीन आणि कल्चर (जंतू कोणता ते बघणारी) तपासणी करा, मग डॉक्टर सांगतील ते औषध. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा लघवीत रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि सासूबाईंना हृदयाचा किंवा किडनीचा विकार असेल, पायांवर सूज असेल, तर हा पाण्याचा सल्ला त्यांना लावू नका. त्यांचं माप त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.