गोणीसोबत काय देतोस?

बेटा,

खत-बियाण्यांचं लायसन्स आलं, हिंगणा रोडवर दुकान लागलं, बरं वाटलं. परवा फोनवर तू म्हणालास, "काका, जूनमध्ये सगळेच वरचे पैसे घेतात, मग आपणच काहून सोडायचे?" दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून तेव्हा बोललो नाही.

भाव वाढवणं हेच पाप, असं मी म्हणणार नाही. इतवारीच्या बाजारात तूरडाळ चढली की किराणावाला महाग विकेलच. आपलं तसं नाही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची. बीटी कपाशीच्या पाकिटाचा कमाल भावही केंद्र ठरवतं, 2025 ला तो 901 रुपये होता. म्हणजे तुझी खरेदी वाढलेलीच नसते, वाढते ती समोरच्याची घाई. पाऊस पडून वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल आली की त्याच्या हातात मोजके दिवस असतात. त्या दिवसांचे पैसे लावणं ही वसुली झाली.

उघड जास्त घेणारे आता थोडे. खरा खेळ लिंकिंगचा, म्हणजे हव्या मालासोबत नको तो माल गळ्यात मारण्याचा. "युरिया आहे, पण सोबत हे टॉनिक घ्यावं लागेल." बिल अगदी सरळ दिसतं आणि शेतकऱ्याला गोणी पाचशेच्या घरात पडते. काही जण तर माल गोदामात ठेवून फलकावर साठा शून्य लिहितात. खताची विक्री नोंदवायच्या पॉस मशीनवर अंगठा एकाचा आणि गोणी दुसऱ्याच्या गाडीत, हेही चालतं.

तुझी अडचण खोटी नाही. कंपनी-वितरकच आपल्याला लिंकिंग लावतात, आणि हमाली-भाडं गेल्यावर युरियात उरतं काय, हे मला नको सांगूस. तरी न खपणारा माल घेऊन गाडी भरू नको. अर्धी आली तर अर्धी विक. जबरदस्ती झाली तर कृषी विभागाला लेखी दे, पण रोडवरचे चार दुकानदार सोबत ने. एकट्याने तक्रार केली की त्याचाच पुरवठा तुटतो.

कायदा तुला पाठच असेल: खत नियंत्रण आदेश 1985, अत्यावश्यक वस्तू कायदा 1955, सात वर्षांपर्यंत कैद. त्याचा धाक मात्र तपासणीची गाडी वळेपर्यंतच टिकतो. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, नागपूरला रेमडेसिव्हिर इंजेक्शनच्या 10 हजार कुप्या द्या, असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला सांगावं लागलं, तेव्हा इथे काळ्या बाजारात पकडलेल्यांत दवाखान्यांत काम करणारेही होते. रुग्णाचा जीव कशावर अडलाय, हे त्यांना सगळ्यांत आधी कळत होतं. जूनमध्ये शेतकऱ्याची नड तशीच तुला आधी कळणार.

माल कमी असला की सातबारा बघून एकरावर वाटून दे. आदल्या रात्री ओळखीच्यांना फोन करू नको. उधारीवाल्याला रोखीचाच भाव लाव, नाहीतर उधारी देऊच नको. फलक रोज सकाळी स्वतः लिही.

आणि ते टॉनिकचे खोके आले असतील तर हंगाम लागायच्या आत परत पाठव. नंतर कोणी परत घेत नाही.

तुझा,
काका