रेडक्लोकच्या मनात काय आहे, हे वाचकांनी कसे ओळखावे?

आपला प्रश्न असा आहे: ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या वेबकॉमिकमधला, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणाऱ्या चित्रकथेमधला, रेडक्लोक शेवटी काय करणार, याबद्दल वाचक वर्षानुवर्षे तर्क लढवतात, त्या तर्कांना काही आधार असतो की ते नुसतेच हवेतले इमले असतात, आणि चांगला तर्क ओळखावा कसा? मी कॉलेजात असताना फोंडा ते पणजी रोजच्या बसप्रवासात हे कॉमिक वाचायला सुरुवात केली आणि अजूनही वाचतो. माझ्या मते तर्काला आधार असतो, मात्र बहुतेक वाचक तो जिथे शोधतात तिथे तो सापडत नाही. कथेतले मोठे प्रसंग मी पुढे उघड करणार आहे, तेव्हा ज्यांनी ते वाचलेले नसतील त्यांनी हे उत्तर इथेच थांबवावे.

इतरांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. रिच बर्लू यांनी 2003 मध्ये हे कॉमिक सुरू केले. त्यातली पात्रे काड्यांच्या माणसांसारखी काढलेली आहेत आणि त्या जगाचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळावरून घेतलेले आहेत. विश्वाचा नाश करू शकणारी एक शक्ती त्या जगाला पडलेल्या भेगांपलीकडे कोंडलेली आहे आणि त्या भेगांवर पाच दरवाजे आहेत. कथेच्या ओघात त्यांपैकी चार उद्ध्वस्त होतात आणि एकच उरतो. रेडक्लोक हा गॉब्लिन जमातीचा धर्मगुरू. झायकॉन या मृत्यूवर मात करून प्रेतरूपात वावरणाऱ्या क्रूर जादूगाराला बरोबर घेऊन तो त्या दरवाजाच्या मागे लागला आहे. विधी पूर्ण झाला की ती शक्ती आपल्या मुठीत येईल, असे झायकॉन समजतो. प्रत्यक्षात त्या विधीमुळे दरवाजाचा ताबा रेडक्लोकच्या देवाकडे जाणार आहे, आणि ही गोष्ट रेडक्लोकने झायकॉनपासून दडवून ठेवली आहे.

म्हणजे कट काय आहे हे वाचकाला आधीच ठाऊक आहे. तरीही वाचकांचे समाधान होत नाही. या कटाच्या आत आणखी एक कट असला पाहिजे, असे प्रत्येकाला वाटते. दोन भागांमध्ये कधी कधी अनेक आठवडे जात असल्यामुळे त्या शंकेला भरपूर वेळही मिळतो.

मला ही गोष्ट समजली ती माझ्या मामांमुळे. ते पेडण्याचे, आणि तरुणपणी अनेक वर्षे एका दशावतारी मंडळीत राक्षसपार्ट करायचे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. रंगायला बसण्याआधी आख्यान कोणते, प्रवेशांचा क्रम कसा आणि कोणी कोणाला कुठे गाठायचे, एवढेच ठरते. बाकी सगळे रंगमंचावर, मृदंगाच्या आणि पेटीच्या साथीने, नट आपल्या तोंडाने उभे करतो. मामांचा राक्षस आल्या आल्या आपला बेत मोठ्याने सांगून टाकायचा. देवळाच्या आवारात बसलेल्या लहान मुलालाही तो कळायचा, आणि शेवटी राक्षसाचा वध होणार हेही सगळ्यांना माहीत असायचे. तरीही पहाटेपर्यंत कोणी जागचे हलत नसे, कारण हा राक्षस माघार घेण्याची संधी मिळूनही ती का घेत नाही, हे पाहायचे असे. मामा सांगायचे की त्यांची सगळी तयारी त्याच एका प्रवेशासाठी असायची: नारद किंवा राक्षसाची पत्नी येऊन त्याला शहाणपण सांगते, आणि त्याला ते ऐकता येत नाही. त्या जागी रोज नवे कारण सुचावे लागे आणि ते खरे वाटावे लागे.

रेडक्लोककडे मी याच नजरेने पाहतो. त्याने काय लपवले आहे यापेक्षा त्याला काय सोडता येत नाही, हा प्रश्न जास्त उपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर चित्रांमध्ये आलेले आहे. ते उत्तर म्हणजे त्याचा भाऊ.

या भावाचा प्रसंग मूळ वेबकॉमिकमध्ये नाही. तो 2007 मध्ये निघालेल्या ‘स्टार्ट ऑफ डार्कनेस’ या स्वतंत्र पूर्वकथेच्या पुस्तकात आहे, आणि माझ्या मते अनेक तर्क चुकतात ते त्यामुळेच: निम्मा पुरावा न वाचताच लोक निकाल देतात. राइट-आय हा रेडक्लोकचा धाकटा भाऊ. झायकॉनच्या नादी लागून आपलीच माणसे मरत आहेत हे त्याला उमगते आणि तो झायकॉनला मारायला निघतो. रेडक्लोक झायकॉनला वाचवतो, आणि त्यासाठी स्वतःच्या भावाचा जीव घेतो. त्यानंतर झायकॉन त्याला जे ऐकवतो, त्याचा आशय असा की आता तू माझी साथ कधीच सोडणार नाहीस, कारण सोडलीस तर भावाला विनाकारण मारल्याचे तुला कबूल करावे लागेल. मी कॉमिकमधले खलपुरुष पुष्कळ वाचले आहेत, पण आपल्या साथीदाराच्या काळजावर इतके नेमके बोट ठेवणारा दुसरा मला आठवत नाही.

आता ज्या प्रसंगावर सर्वांत जास्त तर्क लढवले गेले, तो पाहू. आपल्याकडच्या गोष्टींत राक्षसाचा जीव पोपटात असतो. तसा झायकॉनचा जीव रेडक्लोकच्या गळ्यातल्या धर्मचिन्हात ठेवलेला आहे. त्या चिन्हाला धक्का लागत नाही तोवर झायकॉनचे शरीर कितीही वेळा मोडले तरी तो पुन्हा उभा राहतो. अझ्युअर सिटीतल्या धुमश्चक्रीत ते चिन्ह गटारात पडून हरवते, आणि त्याच्या शोधात कथेतला मोठा काळ जातो. शेवटी ते सापडते तेव्हा रेडक्लोक हुबेहूब तसेच दुसरे चिन्ह झायकॉनच्या हाती ठेवतो आणि खरे स्वतःकडे राखतो. बनावट चिन्ह नीट न्याहाळून समाधानाने ते सुरक्षित जागी हलवायला निघालेला झायकॉन आणि त्याच्यासमोर चेहऱ्यावरची रेषही न हलू देता उभा असलेला रेडक्लोक, ही चित्रे मी अनेकदा पुन्हा काढून पाहिली आहेत. काड्यांच्या माणसांमधून एवढे दाखवता येते, याचे मला अजून नवल वाटते.

हा प्रसंग आल्यावर बऱ्याच जणांचे मत पडले की रेडक्लोकने हे सारे पहिल्या दिवसापासून ठरवले होते. मला ते पटत नाही. चिन्ह हरवणे त्याच्या हातात नव्हते. हरवले, सापडले, आणि ते आधी त्याच्या हाती आले. त्या घटकेला जी संधी दिसली ती त्याने उचलली. त्याच सुमारास तो त्सुकिको या जादूगारणीला संपवतो. तिने विधीची टिपणे वाचून त्यातली खोच ओळखलेली असते, आणि ती हे सारे झायकॉनच्या कानावर घालणार असते. तिने स्वतः उभी केलेली आणि लेकरांसारखी जपलेली प्रेते तो आपल्या हुकमाखाली आणतो आणि त्यांच्याच हातून तिचा जीव घेतो. जाता जाता तो तिला सांगतो की प्रेतांना चालतेबोलते केले तरी ती वापरायची साधनेच असतात. झायकॉनही त्यांच्यापैकीच एक आहे, हे लक्षात घेतले की त्याच्याविषयी रेडक्लोकचे खरे मत काय, हा प्रश्नच उरत नाही. हा माणूस दूरचा नकाशा आखून चालणारा नाही. प्रत्येक वळणावर स्वतःसाठी एक जामीन बाजूला ठेवत जाणारा आहे. खरे चिन्ह हा त्यातला सर्वांत मोठा जामीन.

इथे मी स्वतः कुठे चुकलो, तेही सांगितले पाहिजे. शेवटच्या दरवाजापाशी ड्युरकॉन हा विरुद्ध बाजूचा धर्मगुरू त्याला भेटून तडजोड सुचवतो. रेडक्लोकच्या देवाने साथ दिली तर भेगा कायमच्या बंद करता येतील, आणि त्या बदल्यात गॉब्लिनांना न्याय मिळवून देता येईल, असा त्याचा प्रस्ताव असतो. रेडक्लोक तो स्वीकारणार, असे मी आधीच मित्रांना सांगून ठेवले होते. माझा हिशेब साधा होता: त्याला हवे होते ते बहुतेक सगळे त्याला मिळत होते. त्याने नकार दिला आणि ड्युरकॉनवर हल्ला केला. त्या रात्री पावसामुळे आमच्या वाड्यावरची वीज गेली होती. फोनची बॅटरी संपत आली होती तरी मी तो भाग तीनदा वाचला आणि मग मला राइट-आय आठवला. तडजोड एवढी सोपी होती, असे मान्य केले असते तर भावाचा बळी व्यर्थ ठरला असता. मी त्याच्या फायद्याचा विचार केला होता आणि त्याच्या पापाचा करायचा विसरलो होतो. मामांनी हा प्रवेश लगेच ओळखला असता.

म्हणून तर्क पारखताना मी दोन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे, तो तर्क प्रत्यक्ष दाखवलेल्या कृतीवर उभा आहे की नुसत्या रिकाम्या जागेवर. एखादे पात्र दोन भाग दिसले नाही, म्हणजे ते कारस्थान करत होते असे ठरत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: काय घडले तर आपण आपला तर्क मागे घेऊ, हे तो मांडणाऱ्याने आधीच सांगितले आहे का? पुढे काहीही घडले तरी ज्यात ते बसवता येते, असा तर्क वाचायला रंजक असतो, पण त्यातून पात्राविषयी काहीच कळत नाही. याच कॉमिकमधल्या टार्क्विन या खलपुरुषाची आठवण इथे ठेवावी. आपण दशकानुदशके पडद्याआडून राज्य करणार, शेवटी एखादा नायक येऊन आपल्याला हरवेल, आणि तोवर मनसोक्त जगून घेतलेले असेल, हे तो आपल्या मुलाला स्वतः सांगून मोकळा होतो. मी तरी त्यामागे काहीतरी आणखी खोल दडलेले शोधत राहिलो. तसे काही नव्हते. कथा आपल्याभोवती फिरत नाही हे त्याला सहन झाले नाही, आणि तेवढ्यावरच त्याचा तोल गेला.

रेडक्लोकबद्दल माझा सध्याचा अंदाज असा आहे की बनावट चिन्हाची गोष्ट त्याला ठरवून वापरता येणार नाही. ती त्याच्या दृष्टीने चुकीच्या वेळी, झायकॉनच्या नजरेला पडून उघडी होईल, आणि तेव्हा त्याला खरे चिन्ह फोडायचे की स्वतःचा जीव वाचवायचा, हे एका क्षणात ठरवावे लागेल. त्याने चिन्ह फोडले, तर भावाला ज्याच्यासाठी मारले त्यालाच त्याने संपवले असा त्याचा अर्थ होईल, आणि माझ्या मते त्याचा हात तिथेच अडखळेल. जर त्याने शांतपणे, स्वतः निवडलेल्या वेळी झायकॉनला संपवले, तर माझे वरचे सगळे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि मी हे उत्तर त्याप्रमाणे दुरुस्त करीन.