नॉरफोकच्या यार्डात कामाला जाण्याआधी

दादा, तुम्ही विचारलंत: माझगावच्या गोदीत वेल्डिंग करत होतो, भावाच्या अर्जावर ग्रीन कार्ड झालंय, व्हर्जिनियात नॉरफोकजवळच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात काम मिळतंय, तिथे हातपाय मोडला तर पुढे काय? व्हिसा, सोशल सिक्युरिटी नंबर हे सगळं सरकारी वेबसाइटवर मिळेल. मी त्यावर वेळ घालवत नाही. माझा राग आहे तो इथल्या अपघात-भरपाईच्या कागदांवर, आणि त्यात नव्याने आलेला माणूसच जास्त अडकतो.

जहाजावरच्या खलाशाला १९२० चा जोन्स कायदा लागू होतो. मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल त्याला ३ वर्षांत दावा करता येतो. तुम्ही यार्डातले, म्हणून तुम्हाला १९२७ चा लाँगशोर कायदा, म्हणजे गोदी-यार्डातल्या कामगारांच्या भरपाईचा फेडरल (केंद्र सरकारचा) कायदा. यात चूक कोणाची हे बघत नाहीत, पण मालकाला कोर्टातही खेचता येत नाही. ऑफिसमधून राज्याच्या भरपाईचा फॉर्म पुढे आला, तरी फेडरल दावा वेगळा करायचाच.

लागलं की त्याच पाळीत फोरमनला सांगा आणि ३० दिवसांच्या आत लेखी कळवा, फॉर्म एलएस-२०१. दावा एलएस-२०३ वर, १ वर्षाच्या आत, फेडरल कामगार खात्याकडे. कंपनीच्या फर्स्ट-एड वहीतली नोंद म्हणजे दावा नव्हे. डबल बॉटमच्या (जहाजाच्या दुहेरी तळाच्या) टाकीत हात वर धरून वेल्डिंग केलं की खांदा हळूहळू जातो, तेही यात बसतं. ‘काही नाही, थोडं लागलंय’ ही आपली सवय इथे फार महागात पडते, कारण तेच वाक्य रिपोर्टमध्ये जातं आणि पुढे विमावाले तेच दाखवतात. त्यांचा माणूस फोन रेकॉर्ड करतो म्हणाला, तर वकिलाशी बोलल्याशिवाय हो म्हणू नका.

डॉक्टर निवडायचा हक्क तुमचा आहे, त्यासाठी एलएस-१, म्हणजे उपचाराचा फॉर्म, मागून घ्या. कंपनीच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरलाच ‘माझी निवड’ म्हणून सही दिलीत, तर नंतर बदलायला परवानगी लागते.

आता पगार. पूर्ण बसून असाल तर आठवड्याच्या सरासरी पगाराचे दोन तृतीयांश मिळतात. पहिले ३ दिवस कोरडे, मात्र काम १४ दिवसांपेक्षा जास्त बुडालं तर तेही मिळतात. नव्या माणसाची गळचेपी होते ती या सरासरीत. समजा १,२०० डॉलरच्या आठवड्याने १२ आठवडे काम झालं आणि अपघात झाला. विमावाले १४,४०० ला ५२ ने भागून सरासरी २७७ दाखवतात. हे चूक आहे. वर्षभर काम न झालेल्यासाठी कायद्यात वेगळी पद्धत आहे: तेच काम करणाऱ्या दुसऱ्या कामगाराचा पगार किंवा तुमची खरी कमाईची ताकद बघायची. तसं धरलं तर सरासरी १,२०० येते आणि तिचे दोन तृतीयांश म्हणजे आठवड्याला ८०० हातात पडतात. हे त्यांना माहीत असतं, तरी कोणी बोललं नाही तर २७७ वरच गाडी चालते.

चूक जहाजाच्या लोकांची असेल, उदाहरणार्थ हॅच (डेकवरचं झाकण) उघडा टाकला, तर जहाजमालकावर वेगळा दावा होतो. पण तिथली तडजोड कंपनी आणि विमा कंपनी दोघांच्या लेखी मंजुरीशिवाय केलीत तर पुढची भरपाई आणि औषधोपचार दोन्ही जातात. लाँगशोरच्या दाव्यात वकिलाची फी खातं किंवा कोर्ट मंजूर करतं, टक्केवारी सांगणाऱ्यापासून लांब राहा. एकरकमी तडजोडीलाही खात्याची मंजुरी लागते, आणि त्यात पुढचे उपचार बंद होतात का ते आधी विचारा.

एकटेपणाचं विचारलंत. कामावर असेपर्यंत फारसा जाणवत नाही. हात गळ्यात बांधून घरी बसलं की मात्र फार खातो, आणि त्यापायीच माणूस लवकर सही करून मोकळा होतो. गाडी चालवता येत नसेल तेव्हा क्लिनिकला कोण नेईल, हे आत्ताच ठरवून ठेवा. जाण्यायेण्याच्या मैलांचे पैसे मिळतात, तारीख आणि मैल लिहून ठेवा.

पहिल्या आठवड्यापासूनच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या) एका फाइलमध्ये ठेवा, ओव्हरटाइमसकट. ती फाइल कुठे आहे आणि डॉक्टर कोणता निवडायचा, हे वहिनींनाही माहीत असू द्या.